अक्काचा आखूड उकार

लग्न झाल्यावर वर्षभर मी सासरी, मोहोळजवळच्या खेड्यातच होते. ह्यांना सोलापुरात गिरणीत काम लागलं, खोली मिळाली, तेव्हा कुठे मी शहर पाहिलं. तिसाच्या सालाआधीची ही गोष्ट. खोली मिळाली ती तेलुगू विणकरांच्या वस्तीत. पुढच्या लांबट पडवीत घरमालकाचे दोन हातमाग, त्यामागे त्यांचं बिऱ्हाड, आणि अंगणाच्या दुसऱ्या कडेला आमची एक खोली. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की हे निघून जायचे आणि उजाडलं की माग सुरू व्हायचे. पहिले काही दिवस त्या खटखटीनं माझं डोकं दुखायचं. नंतर नंतर असं झालं, की माग थांबले की मीच दचकून बाहेर डोकवायची.

घरमालक बरीच वर्षं सोलापुरात एकटे राहिलेले, त्यामुळे मराठी बोलायचे. बायकोला आणि तीन मुलांना त्यांनी नुकतंच निजामाच्या मुलखातल्या आपल्या गावाहून आणलं होतं. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि मला तेलुगूचा. आम्ही आलो त्या दिवशी ती अंगण ओलांडून आली, माझ्या हातातली घागर काढून घेतली, भरून आणून ठेवली, आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवून म्हणाली, "अक्का." मोठ्या बहिणीला आमच्याकडेही अक्काच म्हणतात. मला फार हलकं वाटलं. माझी आई मी लहान असतानाच गेली होती, पाठीवर एक भाऊ, बहीण नाही. दिवसभर बंद खोलीत बसून भाकरी थापायची म्हणजे काय असतं, हे त्या सकाळपर्यंत मला चांगलंच डोळ्यांपुढे दिसत होतं.

ती रहाटावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसायची. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. निम्मं हातांनी, निम्मं डोळ्यांनी कळायचं. उरलेलं कळलं नाही तरी आमचं अडत नसे.

पहिल्यांदा अडलं ते जेवणावरून. एका सुट्टीच्या दिवशी मी तिला आमच्याकडे जेवायला बोलावलं. सासूबाईंनी गावाहून हातानं वळलेले गव्हले पाठवले होते, त्यांची खीर केली. पहिली वाटी संपत आली तशी मी वाढायला वाकले. अक्कानं वाटीवर हात धरला आणि म्हणाली, "चालु."

आमच्या गावात पाहुणी वाटीवर हात धरतेच. हाताला कुणी मोजत नाही. तोंडानं काय म्हणते ते ऐकायचं. आणि ही तर चालू म्हणत होती. मला वाटलं, नवं मराठी शिकतेय बिचारी, 'चालू द्या' म्हणायचं असेल. मी तिची बोटं बाजूला करून डाव ओतला.

"चालु, चालु," ती म्हणाली.

मी आणखी एक डाव ओतला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान खाली घालून खाऊ लागली. वाटी रिकामी होते न होते तोच मी पुन्हा वाकले, आणि ती जवळजवळ कळवळून म्हणाली, "चालु अम्मा, चालु." एवढ्या आवडीनं कुणी माझ्या हातचं मागून खाल्लेलं नव्हतं. मी पातेलं पुसून तिच्या वाटीत घातलं. तिनं तेही संपवलं. दुसऱ्याच्या घरचं अन्न पानात टाकायचं नाही, एवढं त्यांच्याकडेही होतंच.

दुसऱ्या दिवशी रहाट बंद. मी घाबरून गेले तर अक्का भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिचे यजमान मागावरून उठून आले.

"काय झालं हो अक्कांना?" मी विचारलं.

"पोट हो. रातभर पोट धरून बसली," ते म्हणाले. "येवढी खीर कशाला वाढली बाई तुमी तिला?"

"त्यांनीच मागितली. चालू, चालू म्हणत होत्या."

ते एकदम खाली बसून हसायला लागले. "आमच्यात चालु म्हनलं की बास. पुरे. तिनं कितींदा सांगितलं असंल तुमाला, बास करा म्हनून."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्यांनी तिकडे तेलुगूत काहीतरी सांगितलं, आणि भिंतीकडे वळलेली ती पाठ हलायला लागली. अक्का हसत होती. हसताना पोट दुखायचं, म्हणून एका हातानं पोट दाबून हसत होती. मी तिच्या उशाशी बसून ओव्याचं पाणी पाजलं.

तेव्हापासून तो शब्द आमच्या दोघींचा झाला. त्यांचा उकार आखूड, आमचा लांब, एवढाच काय तो फरक. घाईत बोलताना तोही राहत नसे. मी मात्र पक्कं ठरवून टाकलं होतं, की अक्काच्या तोंडून आला की त्याचा अर्थ पुरे. ती तेल घालत असली की मी म्हणायची, "चालु." मी पीठ मोजून घालत असले की ती म्हणायची, "चालु." एकदा हे हौसेनं मला भात वाढत होते, तर त्यांनासुद्धा मी चालु म्हणाले आणि त्यांनी आणखी वाढला, तेव्हा मीच रागावले.

तिचीही एक गंमत होती. दर दोन शब्दांमागे 'काय' म्हणायची मला सवय. काय गं, काय झालं, काय म्हणतेस. चैत्राच्या दिवसांत अक्का रोज माझ्यापुढे कैरी आणून ठेवू लागली. मीठ लावलेल्या फोडी, कधी अख्खी. मी आवडीनं खायची. कितीतरी दिवसांनी तिच्या यजमानांनी उलगडा केला, की त्यांच्यात 'काय' म्हणजे कच्चं फळ. ही पोर उठल्याबसल्या 'काय' मागते, आणि मिळालं की मिटक्या मारत खाते, तेव्हा हिला नक्की दिवस गेलेत, असं अक्का धरून चालली होती. मी लाजून उठून गेले. खोलीत आल्यावर बोटांवर हिशेब केला, तर अक्काचं खरं होतं. मला स्वतःला कळायच्या आत ते तिला ठाऊक झालं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आश्विनात ज्वारीच्या पेरण्या उरकल्या की दादा, म्हणजे माझे वडील, न्यायला येणार होते. पण त्या वर्षी पेरण्या लांबल्या. दादांचा निरोप आला की चार दिवस थांब. त्या चार दिवसांतच एका दुपारी, भांडी घासता घासता, माझ्या कमरेतून कळ गेली.

हे गिरणीत होते. अक्कानं मला पाहिलं. यजमानांना सुईणीकडे पिटाळलं, मुलांना शेजारी पाठवलं, दुसऱ्या मागावरच्या पगारी माणसाला घरी जायला सांगितलं. घर एकदम शांत झालं. तिनं खोलीत जुनं लुगडं अंथरलं, पाणी तापत ठेवलं, आणि मला खांबाला धरून बसवून स्वतः समोर बसली. तीन मुलांची आई ती. तिला बघून माझ्या जिवात जीव येत होता.

सुईण काही येईना. कळा मात्र एकावर एक येऊ लागल्या. मग ती वेळ आली, की अंग आपोआप जोर करतं, आपल्याला विचारत नाही. मी जोर केला आणि अक्का म्हणाली, "चालु."

मी थांबले. दात आवळून, श्वास कोंडून थांबले. पुढची कळ आली.

"चालु, चालु," अक्का मोठ्यानं म्हणाली.

मी आणखी आवरून धरलं. ते आवरणं काय असतं ते सांगता येणार नाही. सगळं शरीर एकीकडे ओढतंय आणि मी एकटी त्याच्याविरुद्ध खांबाला लटकलेली. अक्काचा चेहरा उतरत चालला होता. तिच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती आणि दर वेळी आवाज चढत होता, आणि मला कळून चुकलं की तिला काहीतरी वाईट दिसलंय. मूल आडवं आहे. नाहीतर गेलंच आहे. म्हणून ही मला थांबवतेय. माझी आई अशीच बाळंतपणात गेली होती. मी डोळे मिटले आणि रडायला लागले.

तेव्हा अक्का बोलायची थांबली. ती जवळ सरकली, माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळाला कपाळ टेकवलं. मग माझा एक हात ओढून तिनं आपल्या पोटावर दाबून धरला, खोल श्वास घेतला, आणि खालच्या दिशेला असा जोर केला की तिच्या मानेच्या शिरा फुगल्या. तिचं पोट माझ्या तळव्याखाली दगडासारखं झालं. तिनं श्वास सोडला. पुन्हा घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा जोर केला. तिसऱ्यांदा मी तिच्याबरोबर केला.

आम्ही दोघींनी मिळूनच ते बाळंतपण केलं म्हणायला हरकत नाही. मुलगी झाली. एवढीशी, दिवसांच्या आधी आलेली, पण रडली खणखणीत. अक्कानं तिला पदरात घेतलं आणि स्वतःच ओक्साबोक्शी रडू लागली.

नंतर सुईण आली, नाळ कापली, आणि पहिलटकरणीला एकटीच्या भरवशावर ठेवलं म्हणून सगळ्यांना बोलली. तिला चार पैसे देऊन, वाटेला लावून झाल्यावर अक्काचे यजमान दाराबाहेर उभे राहिले. आतून अक्का त्यांना तेलुगूत विचारत होती आणि ते बाहेरून मला मराठीत.

"ती विचारते, मी चालू चालू म्हनत हुते तर तुमी थांबला का?"

"चालु म्हणजे पुरे ना? त्याच थांब म्हणत होत्या."

मग त्यांनी तिला सांगितलं, तिनं उत्तर दिलं, आणि ते म्हणाले, "न्हाय हो. ती म्हनती, पोरगी घाबरलीय, तिला तिच्या भाषेत सांगावं म्हनून मराठीत बोलले. माग चालू ठेव म्हनतात तसं."

अक्का माझ्या पायथ्याशी बसली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. अख्खी दुपार ती माझ्या भाषेत बोलत होती आणि मी तिच्या भाषेत ऐकत होते. मी हात पुढे केला. तिनं तो आपल्या गालावर धरून ठेवला. संध्याकाळी हे घरी आले तेव्हाही ती तशीच माझ्याजवळ बसलेली होती.

निरोप मिळाला तसे दादा चौथ्या दिवशी आले, खांद्यावर डिंक-खारकांची पिशवी घेऊन. दारातच थबकले. अक्का पाय लांब करून बसली होती, पायांवर बाळ पालथं, आणि त्याच्या पाठीला तेल चोळत होती. दादांनी पटका काढून हातात घेतला. माझ्या आईच्या वेळचं त्यांना काय आठवलं असेल ते मी विचारलं नाही. मग ते म्हणाले, "बाई, तुमी लई केलंत." अक्काला ते शब्द कळले नसावेत. तिनं बाळ उचललं आणि सरळ त्यांच्या ओंजळीत दिलं. पेरणीनं फुटलेले त्यांचे हात. ते बाळ धरून उभेच राहिले, बसायला पाट मांडला होता तरी.

मला माहेरी न्यायचं मग कुणी बोललं नाही. दादाच बारशापर्यंत राहिले. ह्यांना बहीण नव्हती, तेव्हा कानात नाव सांगायला आत्या कोण, असा प्रश्न बारशाला आलेल्या सासूबाईंनी काढला. मी म्हणाले, अक्का. सासूबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग अक्काला हात धरून पाळण्याशी बसवलं. मी तिला नाव आधी चार वेळा म्हणून दाखवलं होतं. आधी 'कुर्र' करायचं, मग नाव, हेही सांगितलं होतं.

अक्का पाळण्यावर वाकली. कुर्र केलं. मग बाळाच्या कानाशी तोंड नेऊन आपल्या भाषेत पुटपुटायला लागली ते थांबेचना. बायका वाट बघत उभ्या. पाठीत धपाटे घालायला टपलेल्या पोरीही थांबल्या. नाव तर तीन अक्षरांचं. दादा दाराशी टेकून बसले होते, ते हळूच म्हणाले, "नाव येवढं लांब हाय व्हय?"

सगळ्या हसल्या. अक्कानं मान वर केली नाही. एक हात मागे करून जरा थांबा अशी खूण केली आणि पुन्हा बाळाच्या कानाशी लागली.