नागोबाचा दोरा कोणी कापला

माझ्या भावाच्या पायाचा दोरा नागोबाच्या ठाण्यावर आपोआप गळून पडला, असं आमच्याकडे नागपंचमीला अजून सांगतात. ते खोटं आहे. ते मीच पसरवलं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मारेगावजवळ आमच्या कपाशीच्या पऱ्हाटीत धाकट्या रामाला साप चावला. मी नागोबाचं नाव घेऊन त्याच्या गुडघ्याखाली दोरा करकचून बांधला. असा बंद ठाण्यावर पोचेपर्यंत सोडायचा नसतो. ठाणं लांब होतं. बैलगाडीत पाय निळा पडला, थंड झाला. रामा ओरडायचा थांबून ग्लानीत गेला, तेव्हा मला वाटलं, देवानं दुखणं काढून घेतलं.

वाटेत शेजारच्या गावचे सुदामभाऊ भेटले. त्यांच्या घरानं नुकताच बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्यांनी पायाला हात लावून पाहिला.

"दादा, पाय मरून राह्यला. बंद सोडा."

"तुमी देव सोडले, तुमाले काय कळते? देव कोपन!"

"कोपन तर माह्यावर कोपन," म्हणत त्यांनी विळ्यानं दोरा कापला. मी त्यांना शिव्या घातल्या. त्यांनी बैल सडकेकडे वळवले आणि लाकडाचा ट्रक थांबवून आम्हांला दवाखान्यात पोचवलं. तिथून नागपूरला पाठवलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, साप बिनविषारी होता. दोऱ्यानंच रक्त अडलं. अजून उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता. त्यांनी नस उघडून साकळलेलं रक्त काढलं, मेलेलं मांस कापलं. नडगीचं हाड उघडं पडलं. त्यावर दुसऱ्या पायाच्या पोटरीची कातडी अर्धवट सोडवून शिवली आणि ती रुजेपर्यंत दोन्ही पाय प्लास्टरमध्ये एकत्र जखडले.

"दादा, माह्ये पाय सोयरे झाले," रामा हसायचा. "आता भांडाची सोय नाही."

धडधाकट पाय दुखऱ्याला रक्त पुरवत होता. मी उशाशी बसून जप करत होतो.

रामा लंगडत का होईना, घरी आला. लोकांनी विचारलं. देवाचा बंद मी वाटेतच कापू दिला, हे मला सांगवेना. तो ठाण्यावर आपोआप गळाला, असं मी सांगितलं. दोरा कापला तेव्हा रामा ग्लानीत होता. त्यालाही माझंच खरं वाटलं. सुदामभाऊ भेटायला आले, अंगणात बसून त्यांनी माझी गोष्ट ऐकली. "पाय वाचला नं, झालं," एवढंच बोलून उठले.

ते वारल्यावर कितीतरी वर्षांनी, यंदा मी ठाण्यावर सगळ्यांसमोर खरं सांगितलं. काहीजण उठून गेले. मग रामाला घेऊन सुदामभाऊंच्या घरी गेलो. त्यांची म्हातारी म्हणाली, "त्यायनं हे घरी कधी काढलंच नाही. बसा, चहा मांडते."

त्या दिवशी नागोबा माझ्या हाकेला धावला, यात मला शंका नाही. मी त्याला ओळखलं नाही, आणि वर शिव्या दिल्या. शरण जाणं मला आयुष्यभर जमलं नाही. त्या ओसरीवर चहाचा कप हातात धरून बसलो, तेव्हा थोडं जमलं.