जेवणाआधीचं उरलेलं

मोताळ्याच्या एसटीचा कंडक्टर मी शिकवते त्या शाळेच्या फाटकाशी येऊन थांबला आणि तिकिटांच्या पिशवीकडे बघत म्हणाला, "बाई, तुमच्या मोठाई गेल्या." मोठाई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची, मोठेबाबांची बायको. महिना उलटून गेला, तरी तिच्याविषयी लिहायला बसले की रडू येण्याआधी भूक लागते... तिला हे आवडलं असतं.

आमच्या घरी धुळवडीचं मटण पुरुष करत. घरातल्या चुलीला ते चालत नाही म्हणून अंगणात तीन दगड मांडून. पहिली पंगतही त्यांचीच. आम्हा बायकांना पातळ रस्सा, हाडं आणि घासायला मटणाचं भलंमोठं भांडं, गंज, उरे. याला रीत म्हणत. मी अन्याय म्हणते, तेव्हाही म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठाई हाडांना चिकटलेलं मांस बोटांनी सोडवायची. मागच्या उन्हाळ्यात कणीक काडीवर गुंडाळून, पोकळ नळ्या करून वाळवलेले सरगुंडे उकडायची. गंजात एक थर सरगुंड्यांचा, एक मांस-कांद्याचा; वर परात, परातीत निखारे. झाकण काढलं की वरचा थर लालसर, करकरीत झालेला असे. आम्ही बायका गंजाभोवतीच बसायचो.

मोठेबाबा दरसाल चिडवत. "आमरसात खायाचे सरगुंडे, अन् तू त्यात हाडकं घालते? बाटवले व तू!"

"बाटू द्या. पोट थोडीच बाटते?"

मराठी मुलखाचं नवं राज्य झालं त्या दिवसांत वडील बाजारातून पत्रकं आणत. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. मोठाई भाकरी थापायची, मी चुलीपाशी मोठ्यानं वाचायचे. 'सर्वांना समान वाटा' आलं की तिचा हात थांबे. "त्यात मटनाचं बी लिवलं हाय का व?" आणि स्वतःच हसत सुटायची.

मग एका धुळवडीला सुलतानपूरचे पाहुणे आले. पुरुषांच्या तीन पंगती उठल्या आणि गंज कोरडा झाला. हाडंसुद्धा कुत्र्यांपुढे गेली. माझी आई आठ महिन्यांची गरोदर होती. तिनं मीठ-तिखट लावून भाकरी खाल्ली. मी चिडून अंगणात जाणार होते, मोठाईनं दंडाला धरून बसवलं. "बोलून वाटा भेटत नाही, पोरी."

पुढच्या धुळवडीला रस्सा उकळला, पाट मांडले गेले. मोठाई पदर खोचून अंगणात आली, पळी घेतली आणि सगळ्यांसमोर पातेलं भरून मटण काढलं. चांगले, मांसाचे तुकडे.

"हे काय व?" मोठेबाबांनी विचारलं.

"उरलेलं."

"जेवाच्या आधीच उरलं काऊन?"

"दरसाली उरते म्हन्ता ना तुमी? मंग यंदा मी वाट काऊन पाहू?"

कुणीतरी फिसकन हसलं. मोठेबाबांचे कान लाल झाले, पण पातेलं परत ओता असं म्हणायची हिंमत त्यांना झाली नाही. त्या वर्षापासून उरलेलं आधी निघू लागलं. इतक्या वर्षांत मी पुष्कळ पत्रकं लिहिली. त्या पळीइतकं चोख एकही लिहिता आलं नाही.

यंदाची धुळवड दुखवट्यातली. अंगणात चूल नव्हती. शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे मटणाचा डबा पाठवला. मोठेबाबांनी झाकण उघडलं. मग वाटी घेऊन आधी आमचं काढलं. आईला म्हणाले, "सरगुंडे हायेत का घरात?"

होते. मोठाईनं उन्हाळ्यात वळलेले, डब्याच्या तळाशी. आईनं डबा छातीशी धरला. "हे राहू द्या, दादाजी. तिच्या हातचे शेवटचे हायेत."

"ठेवून काय करतं? तिनं खायासाठी केले."

गंज त्यांनीच लावला. परातीतले निखारे फुंकताना डोळ्यांत धूर गेला, तो त्यांनी बराच वेळ पुसला. वरचा थर थोडा करपला. आम्ही सगळे एकाच पंगतीला बसलो आणि तिच्या हातचा शेवटचा सरगुंडाही खाऊन टाकला.