मोजायचा राहिलेला डोंगर

"तुमी व्हा पुढं. मांगं मी हाओ."

मोजणीवाले काका हे वाक्य कुठेही म्हणायचे. बसमध्ये चढताना, देवळाच्या पायऱ्यांवर, भाजीबाजाराच्या गर्दीत. सगळ्यांना पुढे घालायचे आणि आपण शेवटी राहायचे. यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नवल पुढेच होतं. शेवटी चालणारा हा माणूस प्रत्येक वळणावर थांबायचा आणि मागे वळून बघायचा. त्यांच्या मागे कोणीच नसायचं. तरी ते थांबायचे, श्वासभर वाट बघायचे आणि मगच वळण ओलांडायचे.

मी देवळीच्या शाळेत शिकवते आणि पिपरी मेघेत राहते. काकांचं घर आमच्या मागच्या गल्लीत होतं. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. बायको वारली होती, मुलगी नागपूरला होती. गल्लीत त्यांचं नाव कोणी घेत नसे. लहानमोठ्या सगळ्यांचे ते मोजणीवाले काका.

दर हिवाळ्यात काका दहा-बारा माणसांना सातपुड्यातल्या एका जुन्या, पडक्या किल्ल्यावर घेऊन जायचे. चार दिवसांची पायपीट. किल्ल्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही.  एका वर्षी मीही नाव दिलं. वजन वाढलं होतं आणि शाळा सोडून दुसरं काहीतरी बघावंसं वाटत होतं, एवढंच कारण.

तयारी दसऱ्यापासून सुरू व्हायची. दर रविवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बैठक. वनखात्याच्या परवानगीचे अर्ज, पायथ्याच्या गावातल्या वाटाड्याला फोन, कोणाला मधुमेह, कोणाला गुडघ्याचा त्रास, सगळं ते एका लांब वहीत लिहायचे. मग पिशव्यांची तपासणी. काका पिशवी दोन बोटांवर उचलायचे आणि नाक मुरडायचे. आमच्यात एक निवृत्त प्राचार्य होते. त्यांच्या पिशवीतून काकांनी इस्त्रीचे चार सदरे काढून बाजूला ठेवले.

"सर, तथी तुमचा सत्कार नाई हाये."

प्राचार्य आधी रागावले, मग सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

सरावाला आम्ही केळझरच्या टेकडीवर जायचो. पाठीवर पाच-पाच किलो गहू आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे मी इथे आहे, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे मला न्यायला या. काका एकेकाला झाडांआड पाठवून शिट्ट्या वाजवून घ्यायचे. टेकडीवरच्या गणपतीच्या दर्शनाला आलेली माणसं बघत उभी राहायची. हारवाल्या बाईने एकदा विचारलंच, "काऊन जी, पोलीस भरती हाये का?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, "बाई, माणसाले हाक मारता येत नाई कवा कवा. शिट्टी मारता येते."

किल्ला मात्र खरंच बघण्यासारखा होता. दोन दिवस चढल्यावर झाडांतून अचानक दरवाजा समोर यायचा. वर छप्पर नसलेला राजवाडा, त्याच्या खिडक्यांतून वाढलेली झाडं, आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी. आम्ही फोटो काढत फिरायचो. काका कधी राजवाडा बघत नसत. ते प्रत्येक टाक्याच्या काठावर ओणवे होऊन आत बघायचे. कड्याच्या टोकाशी जाऊन वाटाड्याला विचारायचे, "इथून पाय घसरला तं माणूस कुठीसा जाईन?"

वाटाड्या हाताने दाखवायचा. काका वहीत लिहून घ्यायचे. मला वाटायचं, आमचीच काळजी करतात.

आणखी एक गोष्ट होती. दर वर्षी उतरायची वाट वेगळी. सरळ पायवाट सोडून काका आम्हाला काटेरी झुडपांतून, घसरड्या घळींतून न्यायचे. वाटाड्या कुरकुरायचा. आम्ही वर्ध्याला परतून शेखी मिरवायचो, की आम्ही कोणी न पाहिलेल्या वाटेने उतरलो.

तिसऱ्या वर्षी ऐन तयारीत काकांना ताप भरला. मी बघायला गेले. ते म्हणाले, कपाटातून नकाशा काढा, वाटाड्याचा फोन येणार आहे. मी नकाशा काढून जमिनीवर पसरला.

साऱ्या डोंगराचे पेन्सिलीने चौकोन पाडलेले होते. प्रत्येक चौकोनात एक साल आणि त्या साली गेलेल्या माणसांची नावं. माझं नाव दोन चौकोनांत होतं. प्रत्येक चौकोनाच्या खाली त्यांच्या सुबक सरकारी अक्षरात दोनच शब्द : 'पाहिले. नाही.'

असे तेवीस चौकोन. फक्त पश्चिमेच्या दरीकडचा एक कोरा होता.

"काका, हे काय आहे?"

 काका उठून बसले आणि त्यांनी सांगितलं.

शेत मोजताना साखळीचं एक टोक मोजणीदार धरतो आणि दुसरं टोक त्याचा चेनमन. काकांचा चेनमन सेलूच्या पलीकडच्या गावातला, गोंड समाजाचा. "एकोणीस वर्सं त्यानं माह्या साखळीचं दुसरं टोक धरलं," काका म्हणाले. "मी पुढं, थो मांगं. जिल्ह्यातलं एक शिवार सोडलं नाई आमी."

हा किल्ला आधी आपल्या गोंड राजांचा होता, असं त्या चेनमनला त्याचे आजोबा सांगायचे. एकदा बघायचाय, म्हणायचा. एका हिवाळ्यात दोघांनी रजा काढली आणि गेले. बरोबर वाटाड्या नाही, कोणी नाही. राजवाड्यात तो बराच वेळ एका भिंतीला हात लावून उभा होता, एवढं काकांना आठवत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायला लागले तेव्हा धुकं होतं. थोडं खाली आल्यावर तो म्हणाला, "सायेब, तुमी व्हा पुढं. मी पानी भरून येतो."

"आन् मी झालो पुढं," काका म्हणाले. "एकदाबी वळून नाई पाह्यलं. एकोणीस वर्सं जो माणूस मांगं चालला, त्याले काय वळून पाहायचं, मॅडम?"

तो आला नाही. काका तासभर थांबले, वर जाऊन हाका मारल्या. मग खाली जाऊन माणसं आणली. वनरक्षक आणि गावकरी सहा दिवस शोधत होते. दोर नव्हते, म्हणून दरीत कोणी उतरलं नाही. काहीच सापडलं नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात ते जायचे. पहिली काही वर्षं एकटे. मग एकट्याने होईना, तेव्हा माणसं जमवायला लागले. डोंगराचे चौकोन पाडले, जसे शेताचे पाडतात. परत आल्यावर त्या चेनमनच्या बायकोकडे जायचे आणि सांगायचे, "यंदा नाई सापडला. पुढच्या वर्सी पाहू." ती चहा करायची. तिच्या कपाळावर कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या.

मला त्यांची कीव यायला हवी होती. मला राग आला.

"आम्हाला सांगितलं नाहीत, काका. आम्ही मजेने येत होतो, आणि तुम्ही आम्हाला प्रेत शोधायला नेत होता? आमच्यातलं कोणी घसरलं असतं म्हणजे?"

"म्हणून तं मांगं मी राहतो."

"ते उत्तर नाही."

"नाई," ते म्हणाले. "पन सांगतलं असतं तं कोन आलं असतं? पडका किल्ला पाहाले लोकं येतात, मॅडम. पडलेला माणूस पाहाले कोन येते?"

मी तशीच निघून आले. दोन रविवार गेले नाही. शाळेत फळ्यावर लिहितानाही ते चौकोन दिसत राहायचे. माझ्या नावाखाली 'पाहिले. नाही.' न विचारता मला एका माणसाच्या शोधाची साक्षीदार करून टाकलं होतं. आणि मी कुठे पाहिलं होतं? मी तर तिथे उभी राहून फोटो काढले होते.

तिसऱ्या रविवारी गेले. म्हटलं, यंदा सगळ्यांना आधी सांगा, तर मी येते. काकांनी सांगितलं. सतरंजीवर बारा माणसं होती.  पाचजणांनी त्या आठवड्यात नावं काढून घेतली. प्राचार्य राहिले. ते म्हणाले, "दोर किती लागेल, ते बोला."

त्या वर्षीची तयारी वेगळी होती. चिवडा कोण आणणार, असल्या गप्पा बंद झाल्या. दोर, हातमोजे, दरीत उतरू शकणारी दोन माणसं, वाटाड्या आणि त्याचा भाऊ. वनखात्याला काकांनी खरं कारण लिहून दिलं, तेही पहिल्यांदाच.

आम्ही दरीच्या काठावर पोचलो तेव्हा डोक्यावर ऊन होतं. धुकं नाही, वारा नाही. वाटाड्याचा भाऊ दोराने उतरला, त्याच्यामागून वाटाड्या. आम्ही वर बसून राहिलो. काका उभे होते. मध्येच मला म्हणाले, "हा चौकोन मी मुद्दाम मांगं ठेवला होता."

"का?"

"सगळ्यात पयले इथंच पाहाले पाह्यजे होतं. मले मालूम होतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. तेवीस हिवाळे ज्या माणसाला ते शोधत होते, तो सापडू नये म्हणून त्यांनी सगळा डोंगर पालथा घातला होता.  मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

खालून तीन शिट्ट्या आल्या.

उंबराच्या मुळांत एक स्टीलचा डबा अडकलेला होता. चेपलेला, मातीने भरलेला. वाटाड्याने तो वर आणला. बाकी काही नव्हतं. इतक्या पावसाळ्यांनंतर राहणारही नव्हतं. काकांनी सदऱ्याच्या टोकाने डबा पुसला आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. लग्नात आलेला डबा होता. त्यावर त्याच्या बायकोचं नाव होतं.

"मी जथी उभा होतो ना मॅडम, तथून इसेक पावलं असन," ते म्हणाले. "वीस पावलं." मग खाली बसले. प्राचार्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो डोंगर उतरेपर्यंत काढला नाही.

आठ दिवसांनी काका मला बरोबर घेऊन तिच्या गावी गेले. एकट्याने जायचा धीर होत नव्हता. वाटेत बसमध्ये दोनदा म्हणाले, "डबा देल्ला का थे विधवा होते. नाई देल्ला का मी चोर होतो."

ती अंगणात तूर पाखडत होती. साठी ओलांडलेली, ताठ बाई. काकांनी पिशवीतून डबा काढला आणि पुढे केला. तिने तो घेतला, नाव वाचता येत नसूनही ओळखला. उठली, राखेने घासला, धुतला, पदराने कोरडा केला. मग सुपाशेजारी ठेवून पुन्हा बसली.

"मले मालूम होतं जी," ती म्हणाली.

"कवापासून?"

"पयल्याच वर्सी. जित्ता असता तं आला असता ना थो. पोरगी लहान होती माही."

 मी विचारलं, "मग हे कुंकू, बाई?"

तिने माझ्याकडे नाही, काकांकडे बघितलं. "हे सायेब येत होते ना दरसाली. पुढच्या वर्सी पाहू म्हनत. त्यायच्यासमोर कपाळ कसं पुसू मी?"

काका तिथे, त्या अंगणात रडले. मी त्यांना तेव्हाच एकदा रडताना पाहिलं. ती त्यांना रडू देत बसली आणि मध्ये मध्ये तूर पाखडत राहिली. मग आत जाऊन चहा करून आणला.

त्या हिवाळ्यानंतर काका कुठे गेले नाहीत. सतरंजीवर रविवारी कोणी कोणी येऊन बसायचं, चहा व्हायचा, पण डोंगराचं नाव निघत नसे. काका बारीक होत गेले. पोळ्याच्या सुमारास एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

मुलगी नागपूरहून आली. मी सेलूकडच्या त्या गावी फोन करून कळवलं. चेनमनची बायको एवढ्या घाईत येईल असं वाटलं नव्हतं. पण काकांना बाहेर काढायच्या थोडं आधी फाटकातून ती आली. कपाळ मोकळं होतं. ती कोणाला काही न विचारता काकांच्या डोक्याशी बसली आणि वाकून त्यांच्या कानाशी बोलायला लागली. गोंडीत. हळू आवाजात, बराच वेळ. मध्ये एकदा थोडी हसली. खांदा द्यायला आलेली माणसं ताटकळत उभी होती, पण तिला ऊठ म्हणायचं कोणाला धैर्य झालं नाही.

ती उठली तेव्हा काकांच्या मुलीने विचारलं, "काय सांगितलं, मावशी?"

"निरोप देल्ला," ती म्हणाली. "आमच्या पोरीले पोरगं झालं. यायची आन् त्याची भेट होईन आता, तं हे सांगतीन. त्याले मालूम नाई अजून."