खाल्हे पाऱ्यामार्गे चार मिनिटं उशीर

"इकडे दोन दिवसांपासून बदली होऊन राहिली," ताई फोनवर म्हणाली, आणि मला आधी भाऊजींची काळजी वाटली. सरकारी नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

"कुठे झाली?"

"कुठे मंजे? आभाळात."

रायपुरात ढगाळ हवेला बदली म्हणतात. ताई तिथे पंचवीस वर्षं राहतेय, मला हे आता कळलं. बंगालच्या उपसागरात वादळ आलं होतं आणि त्याची शेपटी ऐन डिसेंबरात छत्तीसगडवर पडली होती. नेमक्या त्या हवेत मी नागपूरहून रायपूरला निघालो होतो, तेही धावायला.

कारण माझी भाची पल्लवी. वय वीस, आणि डोक्यात उत्तराखंडमधलं गिर्यारोहणाचं प्रशिक्षण. त्याच्या अर्जावर पालकाची संमती लागते. ताईच्या मते पोरीनं बँकेच्या परीक्षेचा क्लास लावावा. शेवटी तह झाला: नव्या रायपुरातली हिवाळी साहसी शर्यत ठरलेल्या वेळेत पूर्ण कर, मग सही. शर्यत जोडीची होती, दोघांनी एकत्रच पोचायचं. चार दिवस आधी पल्लवीच्या मैत्रिणीचा पाय मुरगळला आणि जोडीदार म्हणून घरात मीच उरलो. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो-पळतो. त्यात दोन चहा.

रेल्वेनं पाच तास लागतात. डोंगरगडनंतर खिडकीबाहेर पावसाशिवाय काही दिसलं नाही. रायपूरला उतरून आधी पंडरीच्या बाजारात रेनकोट शोधला. सगळीकडे लग्नाचे कपडे लागले होते. एका दुकानदारानं शेरवानी खाली ठेवत विचारलं, "दिसंबर में रेनकोट? भैया, बारात में जाना है क्या?"

तात्यापाऱ्यात ताईच्या घरी गोळाभात तयार होता. वर तेल सढळ.

"पोटभर जेव," ताई म्हणाली. "मले तर आनंद झाला तू आला. तुह्यासंग असली की पोट्टी वेळेत पोचतच नाही."

ताईनं मला मदत म्हणून नव्हे, अडथळा म्हणून बोलावलं होतं. पल्लवी समोरच जेवत होती. ती हसून म्हणाली, "मामा, टेंशन मत लो. मैं आपको खींच लूंगी." ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. ताईनं यावर बोलणं केव्हाच सोडून दिलंय.

कुणाला जायचं असेल तर दोन सूचना. नवं रायपूर जुन्या शहरापासून चांगलं दूर आहे आणि सकाळी लवकर तिकडे काही मिळत नाही, तेव्हा गाडीची सोय आदल्या दिवशीच करा. आम्हाला भाऊजींनी सोडलं. दुसरं म्हणजे, मोजे तीन जोड न्या. मी एक नेला होता.

सात वाजता शर्यत सुटली. एकपर्यंत परत पोचायचं होतं. आधी पंचवीस किलोमीटर सायकल, मग नकाशा घेऊन गावं नि शेतं ओलांडत चार ठाणी गाठायची, प्रत्येक ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, शेवटी तलावात नाव. एक जरी शिक्का चुकला तरी बाद.

नव्या राजधानीचे रस्ते इतके रुंद आहेत की या काठाहून त्या काठावरच्या माणसाची ख्यालीखुशाली विचारायला फोन करावा लागेल. समोरून वारा असा होता की उतारावरही पायडल मारावं लागत होतं. चौकात लाल दिवा लागला की पल्लवी थांबायची. चारही दिशांना कोणी नव्हतं. एक गाय होती, तीही थांबली होती.

"अगं, शर्यत आहे ही."

"कैमरा लगा है, मामा."

तरी पहिली दोन ठाणी आम्ही वेळेत घेतली. कापणी झालेल्या धानाच्या शेतात बुटाला एवढा चिखल लागत होता की माझी उंची दोन इंच वाढली. तिसरं ठाणं एका गावातल्या तळ्याकाठी दाखवलं होतं. तळं होतं, काठ मात्र पाण्याखाली गेला होता. ना झेंडा, ना माणूस. पत्र्याच्या छपराखाली एक म्हातारी पोतं पांघरून बसली होती. पल्लवीनं विचारलं, "दाई, वो झंडे वाले लोग कहां गए?"

म्हातारीनं हात हलवला. "खाल्हे पारा."

पावसानं पत्रा वाजत होता. पल्लवी वळून म्हणाली, "बोल रही हैं, पारा खाली है. मतलब यहां कोई नहीं है. ऊपर वाली बस्ती में होंगे."

पारा म्हणजे वस्ती, एवढं मला तात्यापाऱ्यामुळे ठाऊक होतं. म्हटलं, "अगं, खाली म्हणजे खालच्या अंगाला असेल."

"मामा, आप नागपुर के हो. मैं यहां पैदा हुई हूं."

आम्ही चढ चढून वरच्या वस्तीत गेलो. तिथे दोन बकऱ्या आणि एक बंद दुकान होतं. परत उतरलो तोवर अर्धा तास गेला होता. म्हातारी तिथेच होती.

"मैं तो केहे रहेंव, खाल्हे," म्हणत तिनं या वेळी बोट थेट उताराकडे दाखवलं. पन्नास पावलांवर, खालच्या वस्तीतल्या देवळाच्या ओट्यावर झेंडा होता आणि स्वयंसेवक तांदळाचे वाफवलेले फरे खात बसले होते. छत्तीसगढीत खाल्हे म्हणजे खाली. आपलं खाली, हिंदीतलं रिकामं नव्हे.

पल्लवी शिक्का घेऊन चौथ्या ठाण्याच्या दिशेनं निघाली. मी घड्याळ बाहीखाली झाकलं आणि तिच्या मागे निघालो. तीस वर्षं छापखान्याच्या घड्याळावर काम केलंय. उशीर झालेल्या माणसाला उशीर झाला म्हणून सांगू नये, एवढं तिथे शिकलो.

चौथं ठाणं घेऊन तलावापाशी आलो तर वाऱ्यामुळे नाव रद्द झाली होती. त्याऐवजी काठाकाठानं तीन किलोमीटर पळायचं. घड्याळात बारा पस्तीस. पल्लवीनं ओढणीसारखी गुंडाळून ठेवलेली दोरी काढली, एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या.

"मामा, आप अखबार में भी इतने स्लो थे?"

"तिथे बसून काम होतं."

ती खरंच ओढत होती. मी दोनदा घसरलो, दोन्ही वेळा तिनं मागे न बघता दोरी धरून ठेवली. शेवटची कमान ओलांडली तेव्हा एक वाजून चार मिनिटं झाली होती. टेबलाशी बसलेल्या मुलानं आमच्या अवताराकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "सर, एक बजे लिख दूं? कौन देख रहा है."

मी पल्लवीकडे बघितलं. सही, पहाड, क्लास, सगळं त्या चार मिनिटांत होतं. मी तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते इथे लिहीत नाही.

"नहीं भैया," ती म्हणाली. "एक चार लिखिए."

बाहेरच्या टपरीवर गरम चिला, म्हणजे तांदळाचं धिरडं, आणि टमाटरची चटणी खाल्ली. जाल तर चटणी दोनदा मागा.

घरी दार उघडताच ताईनं माझ्याकडे बघून विचारलं, "वेळेत पोचले का?"

उत्तर पल्लवीनं दिलं, तेही मराठीत. "नाही आई. चार मिनिट उशीर झाला. मामाचा दोष नाही. चूक माही होती, मले खाल्हे समजलं नाही."

ताई एवढंच म्हणाली, "कपडे बदल आधी." जेवताना मी तिला कमानीजवळचा प्रसंग सांगितला. तिनं पल्लवीच्या पानात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर डबा हातात देताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, तिकडच्या पहाडात लोक कोणती भाषा बोलतेत?"

"गढवाली."

"हव," ती म्हणाली, आणि गाडी येईपर्यंत पावसावर बोलत राहिली.

नागपुरात आता कोरडं ऊन आहे. बूट अजून गच्चीवर आहेत, त्यातला चिखल रायपूरचा. पाय दुखायचे थांबले, पण जिना उतरताना मी अजून स्वतःशी खाल्हे म्हणतो.

काल पल्लवीनं भरलेल्या अर्जाचा फोटो पाठवला. अवगत भाषांच्या रकान्यात हिंदी, अंग्रेज़ी, मराठी, आणि पुढे छोट्या अक्षरात: छत्तीसगढ़ी, सीख रही हूं. कागदाच्या अगदी खाल्हे, पालकाच्या चौकटीत, ताईची सही होती.