उपवासात सोडलेला माणूस

राखेच्या बुधवारी फादर प्रवचनात म्हणाले, या उपवासकाळात आपली सगळ्यांत आवडती गोष्ट सोडा. आई दर वर्षी चहा सोडते आणि ईस्टरपर्यंत घरभर करवादत फिरते. मला तसलं किरकोळ काही नको होतं. सगळ्यांत जास्त आवडतं काय, असं स्वतःला विचारलं. उत्तर लगेच आलं आणि मी घाबरलेच. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं, तो.

मग मी त्यालाच सोडलं. लग्न मोडलं नाही. ईस्टरपर्यंत फोन नाही, भेट नाही, एवढंच. तो जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर, मी उलव्यात राहणारी, म्हणजे तसे हाकेच्या अंतरावर. सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "देवासाठी ना? मग मी काय बोलणार?" मी तो होकारच समजले.

मला वाटलं होतं, त्याची जागा रिकामी झाली की तिथे देव येऊन बसेल. कसलं काय! महाप्याच्या ऑफिसातून येऊन प्रार्थनेला बसले की डोळ्यांसमोर त्याचा हेल्मेटखालचा घामेजलेला चेहरा. तो हाकलला की काहीच उरेना, देवसुद्धा नाही. दोन आठवडे मी भिंतीशी बोलले. चिडचिड तर आईच्या वरताण.

शेवटी कॉन्व्हेंटमधल्या म्हाताऱ्या सिस्टरना गाठलं. त्या व्हरांड्यात पावटे सोलत बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून त्या चक्क हसल्या. मला राग आला. म्हटलं, "तुम्हाला कधी कुणी आवडलंच नसेल ना, सिस्टर?"

"आवडला होता की. आमच्याच गल्लीतला. अजून रोज प्रार्थनेत त्याचं नाव घेते."

"आणि ते चालतं?"

"अगं, देवासाठी वेगळं मन कुठून आणू? जे त्याच्यावर जडलं होतं, तेच देवाला दिलं. दुसरं नव्हतंच माझ्याकडे."

माणूस हवासा वाटणं म्हणजे मोह, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. सिस्टर मात्र त्या माणसाबद्दल इतक्या सहज बोलत होत्या, की मला आणखी दहा प्रश्न विचारावेसे वाटले. तो कसा होता, त्याला कळलं होतं का, सोडताना रडलात का. त्यांनी पावट्यांचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "मला काय विचारतेस? तुझा आहे ना, त्याला विचार जाऊन."

फाटकातूनच फोन लावला.

"संपला उपवास?" त्याने विचारलं.

"नाही. मोडला." आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तू काय सोडलंस यंदा?"

मागच्या ट्रेलरच्या आवाजापासून तो जरा बाजूला गेला.

"प्रार्थना," तो म्हणाला. "तू सांगितलंस ना, त्याच दिवसापासून. देवाला मी मध्ये नको होतो. मग म्हटलं, राहू दे."

माफी तर मागायचीच होती. आधी कुणाची, ते कळेना.