बिनभात्याची पेटी

काँप्युटरशी माणसासारखं आणि माणसांशी काँप्युटरसारखं वागणारा एकच इसम मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. कामरगावच्या स्टँडसमोर आमच्या साडभाऊंचं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म भरायला आलेल्या माणसाशी ते मान वर न करता "नाव. बापाचं नाव. पुढं." एवढंच बोलतात. काँप्युटर अडला की मात्र त्याच्या डब्यावरून हात फिरवत, "काय झालं बाप्पा, काहून रुसला?" अशी विचारपूस करतात. माझी मेहुणी म्हणते, "माह्याशी एवढ्या मायेनं बोलले असते, तं मी दुकानातच येऊन बसली असती."

काँप्युटरच्या पोटात मुळातच एक वाजंत्री बसवलेला असतो, हा शोध त्यांना लागला आणि दुकानाचं व्हायचं ते झालं. प्रोग्राम लिहून त्या वाजंत्र्याला नुसते आकडे पाठवायचे: कोणतं वाद्य, कोणता सूर, किती जोरात. पेटी, सनई, व्हायोलिन, सगळे हजर; यादीच्या शेपटाला चक्क हेलिकॉप्टर. फक्त सूर सुरू करायचा हुकूम वेगळा आणि थांबवायचा वेगळा, आणि हा दुसरा हुकूम साडभाऊ हमखास विसरत. एकदा एक सूर असा सुटला की गिऱ्हाइकं सातबारा तिथेच टाकून रस्त्यावर आली. साडभाऊ शांतपणे म्हणाले, "बैल सोडला, बांदायचा राह्यला."

हा सगळा खटाटोप आमच्या सासऱ्यांसाठी होता. इंझोरीला राहणारे आमचे हे मामाजी दर बुद्धपौर्णिमेला विहारात गायचे. त्यांचा पेटीवाला जोडीदार वारला आणि त्यांनी गाणंच सोडलं. दुसरा कोणी पेटीवाला त्यांना चालेना. अंगणात ते दिवसभर गप्प बसून राहत, आणि ते गप्प बसणं घरात कुणालाच सोसवत नव्हतं. शेवटी साडभाऊंनी शब्द दिला, "मामाजी, पौर्णिमेले मी आणतो पेटीवाला. जेवन मांगत नाई, रुसत नाई."

पहिल्याच तालमीत वाद्याचा आकडा चुकला आणि पेटीऐवजी हेलिकॉप्टर घरघरू लागलं. मामाजी म्हणाले, "मी गाऊ, का कोनता मंत्री येऊन राह्यला ते पाहू?" आकडा सुधारला, तर नवीच पंचाईत. मामाजी गाता गाता आलेल्याला जयभीम घालणार, आवडत्या ओळीवर रेंगाळणार. जुना पेटीवाला तोवर सूर धरून बसायचा. काँप्युटर आपलं गाणं संपवून मोकळा. "याले थांबता येत नाई," एवढंच बोलून मामाजी आत गेले. साडभाऊंचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

मग त्यांनी प्रोग्राममध्ये थांबणं लिहिलं. ओळ संपली की शेवटचा सूर तसाच चालू ठेवायचा, आणि साडभाऊंनी स्पेसबार दाबला तरच पुढची ओळ घ्यायची. आजवर विसरून मोकळा राहणारा सूर आता ते मुद्दाम मोकळा ठेवू लागले. स्पेसबार कधी दाबायचा, ते मामाजींच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. गिऱ्हाइकाचं तोंडही न पाहणारा हा माणूस म्हाताऱ्याच्या श्वासावर नजर ठेवायला शिकला.

पौर्णिमेला विहारात काँप्युटर मांडला. मामाजींचा आवाज आधी चिरकला, मग लागला, आणि ऐन रंगात लाइट गेली. पंखे थांबले, पडदा काळा झाला, पेटी मुकी. मामाजी मात्र डोळे मिटून गातच राहिले. मी साडभाऊंकडे पाहिलं. बंद काँप्युटरसमोर ते तसेच बसले होते, नजर मामाजींच्या ओठांवर, आणि ओळ संपली की त्यांचं बोट अगदी वेळेवर स्पेसबार दाबत होतं. मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

गाणं संपलं. मामाजींनी डोळे उघडले आणि साडभाऊंकडे वळून ते म्हणाले, "आज बराबर वाजवली तुमी, जवाईबुवा."

लाइट गेल्याचं त्यांना कळलं होतं की नाही, हे आम्ही दोघा जावयांनी अजून त्यांना विचारलेलं नाही.