सरसकट

आमचे हे माणसांपेक्षा झाडांशी जास्त बोलतात. सोसायट्यांच्या बागा सांभाळणं हा त्यांचा धंदा. वह्या आणि फोन माझ्याकडे. त्यांचा राग लवकर निवतो, माझा निवत नाही.

त्या सोसायटीची बाग त्यांनी अकरा वर्षं जपली होती. एका भर उन्हाळ्यात अध्यक्ष चालता चालता म्हणाले, "कुंपण गुडघ्याएवढं करा."

हे म्हणाले, "साहेब, ऊन जरा उतरू द्या. आत्ता छाटलं तर वाळेल."

"मी सांगतोय ना?"

छाटलं आणि वाळलं. मग साठ कुटुंबांच्या सभेत अध्यक्ष उभे राहिले. "मी असं कधी म्हणालोच नाही. माळ्याला अक्कल नको?" हे मागे हात बांधून उभे होते. तोंडी हुकमाला पुरावा कुठून आणायचा? काम गेलं, त्याहून वाईट म्हणजे नाव गेलं. घरी येऊन चार दिवस कात्रीला धार लावत बसले. मला मात्र त्या माणसाच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, तेही चारचौघांत: मीच म्हणालो.

दोन वर्षांत नव्या कंपनीने बागेचं वाटोळं केलं आणि सोसायटीने यांना पुन्हा बोलावलं. अध्यक्ष तेच होते. हे लगेच निघाले. मी दार अडवलं. "आधी माझ्या अटी."

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अध्यक्षांनी यांच्यासोबत बागेतून फेरी मारायची. सांगायचं ते एकट्या अध्यक्षांनी, रजिस्टरमध्ये, स्वतःच्या हाताने लिहून, खाली सही. त्याची प्रत नोटीस बोर्डावर. लोकांना हे फार आवडलं. एकाने छाटा म्हणायचं, दुसऱ्याने वाढू द्या, ही कटकट संपली. हिरवळ पुन्हा धरली. मी वाट बघत होते.

पाचव्या महिन्यात अध्यक्षांचं वरच्या मजल्यावरच्या बाईंशी बिनसलं. बाईंनी सामाईक जागेत लिंबाचं झाड लावलं होतं. अध्यक्षांनी तावातावाने लिहिलं: 'सामाईक जागेतील खाजगी झाडे सरसकट काढावीत.'

यांनी विचारलं, "सरसकट म्हणजे सगळीच ना, साहेब?"

"वाचता येत नाही का?"

अध्यक्षांच्या गॅलरीखालचे बारा गुलाब त्यांच्या हद्दीबाहेर चार फूट, सामाईक जागेत होते. इतक्या वर्षांत ती जागा आपलीच, असं त्यांना वाटू लागलं होतं. यांना ठाऊक होतं. तिथली माती यांनीच भरली होती.

सोमवारी सकाळी यांनी गुलाबांपासूनच सुरुवात केली. अध्यक्ष चपला फरफटत धावत आले. "हे काढायला मी कुठे सांगितलं?"

यांनी त्यांना बोर्डापाशी नेलं. लोक जमले होते, लिंबाच्या बाई सगळ्यात पुढे. मीही गेले होते, मुद्दाम.

हे म्हणाले, "वाचा, साहेब. मोठ्याने."

अध्यक्षांनी वाचलं, 'सरसकट' मात्र नुसतं पुटपुटले.

"हे कोण म्हणालं?" यांनी विचारलं.

अध्यक्षांनी चपला नीट पायात सारल्या. "मीच म्हणालो."

मला गार वाटलं. खोटं कशाला बोलू?

गुलाब फेकून द्यावेत असं मला वाटत होतं. यांनी मात्र एकेक मुळासकट, मातीसकट काढून कुंड्यांत लावला आणि अध्यक्षांच्या दारात नेऊन ठेवला. मी चिडले, पण रजिस्टर माझ्याच हातात होतं. पोचपावतीचं वाक्य मी सांगितलं आणि अध्यक्षांनी ते स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली: 'माळ्याकडून बारा गुलाब जिवंत मिळाले.'

प्रत अजून बोर्डावर आहे.